पाठलागाची भूक

कुत्रं मेंढरांच्या मागं लागलं की धनगर आधी कुत्र्याकडे बघत नाही, मेंढरांकडे बघतो. कोणती गाभण आहे, कोणती लंगडतेय, कोणाचं कोकरू मागे राहिलं आणि सगळा खांडवा कोणत्या अंगाला वळला, हे तो एका नजरेत टिपतो. त्या अंगाला कठडा नसलेली विहीर असली, तर कुत्र्यामागे काठी घेऊन पळण्याऐवजी तो विहिरीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. नीरेच्या काठी आमच्या शिवारात दर वर्षी दिवाळीनंतर माण-खटावकडचे वाडे येतात. रिकाम्या वावरात मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य नाहीतर पैसे घेतात आणि पुढे घाट उतरून कोकणात जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच वाटेने माघारी येतात. कुत्र्यांबद्दल मी बरीच पुस्तकं वाचली, पण या माणसांशी बोलल्यावर त्या पुस्तकांतलं काय खरं आणि किती, ते कळू लागलं.

पळवलेल्या मेंढीच्या अंगावर ओरखडासुद्धा नसतो, तरी नुकसान व्हायचं ते झालेलं असतं. गाभण मेंढी त्या धसक्याने गाभ टाकते. कुंपणाच्या कोपऱ्यात दाटी झाली तर खालच्या गुदमरून मरतात. दूध पिणारं कोकरू आईपासून तुटतं आणि त्या गोंधळात कधी कधी आई त्याला परत जवळ घेत नाही. ‘काही केलं नाही हो त्यानं, नुसता खेळत होता,’ असं अशा वेळी कुत्र्याचा मालक म्हणतो. मला या वाक्याचा राग येतो. मेंढी, शेळी, घोडा ही सगळी शिकार होणारी जनावरं. मागून धावत येणाऱ्या दातांचा अर्थ त्यांच्या रक्तात एकच आहे. खेळ दोघांनी मिळून खेळायचा असतो. इथे एकाचा जीव जात असतो आणि दुसऱ्याला मजा येत असते.

आमच्याकडे बाजी आला तेव्हा तो वर्षाचा होऊन गेला होता. पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये वाढलेला कारवानी कुत्रा. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट, आणि मांड्यांत नुसता वेग. लातूर-सोलापूर पट्ट्यात ही जात जुनी आहे. खाली कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात तो तिचाच भाऊबंद, ज्याचं टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढलं. ही कुत्री वासाने नाही, नजरेने शिकार करतात. उघड्या माळावर दूर कुठे ससा हलला की झाली ती बाणासारखी पसार. पिढ्यान् पिढ्या माणसांनी त्यांना याचसाठी निवडलं, याचसाठी वाढवलं. असा कुत्रा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कबुतरांकडे बघत बसतो तेव्हा तो शांत आहे असं वाटतं. तो शांत नसतो, त्याच्यासमोर पळणारं काही नसतं, एवढंच. आमच्या घरी मात्र शेळ्या आहेत, म्हैस आहे आणि सासऱ्यांनी हौसेने ठेवलेली एक भीमथडी घोडी आहे. म्हणजे दिवसभर काही ना काही हलत असतं.

त्याची भूक पहिल्यांदा दिसली ती धनगरांच्या घोडीमुळे. वाडा नुकताच उतरला होता. घोडीवरचं बिऱ्हाड काढून ठेवलं होतं: भांडी, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि गोणपाटाच्या खिशातून डोकी बाहेर काढलेली त्या दिवशीचीच दोन कोकरं. पुढच्या पायांना पायबंद घालून घोडी बांधावर चरत होती, बाजूला तिचं शिंगरू. बाजी कुंपणाच्या फटीतून निसटला. तो भुंकला नाही. मान खांद्यांच्या रेषेत आली, एक पुढचा पाय हवेत राहिला, शेपटी थांबली. डोळे शिंगरावर खिळले. क्षणभर तो तसाच होता आणि मग तिथे नव्हताच. पायबंद घातलेल्या घोडीला पळता येत नाही. तिने दोन्ही पुढचे पाय एकदम उचलून उड्या मारत स्वतःला फिरवलं, शिंगराला आडोशाला घेतलं आणि मागचे पाय झाडले. तो नाल बाजीच्या जबड्यापासून वीतभर अंतरावरून गेला असेल. धनगर मामा तोवर चालत, अगदी चालत, दोघांच्या मध्ये आले. खांद्यावरचं घोंगडं दोन्ही हातांनी उघडून त्यांनी भिंत केली, आणि बाजी वळायला जरा मंदावला तसं तेच घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं. अंधार झाला आणि कुत्रं जागच्या जागी थांबलं.

मामा ओरडले नाहीत. घोंगड्यासकट त्याला माझ्या हातात देत म्हणाले, ‘ताई, त्याला कळतंय सगळं. पर एकदा का नजर बसली की त्याला थांबता येत न्हाई. नजर बसायच्या आधी धरा त्याला.’

रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या जोडप्याने कुत्र्यांवर जन्मभर जे काम केलं, त्याच्या मुळाशी हेच आहे. शिकार ही एक साखळी असते: नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, झडप, चावा, ठार करणं. त्यातली प्रत्येक कडी कुत्र्याला स्वतःतच आनंद देते, म्हणून सशाला न पकडणारा कुत्राही पुन्हा पुन्हा धावतो. माणसाने ही साखळी ठिकठिकाणी तोडून वेगवेगळी कुत्री घडवली. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सरहद्दीवरच्या बॉर्डर कॉलीत नजर आणि दबकणं टोकाला नेलं, चावा मात्र दाबून टाकला. १८७३ साली वेल्समधल्या बाला गावी मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरली तेव्हापासून लोक हे कसब बघायला गर्दी करतात. त्या मेंढ्यांनाही कुत्र्याच्या त्या नजरेची ओळख असते. ती नजर आणि मेंढपाळाची शीळ यांच्यामध्ये त्या चालतात.

आपल्याकडे तसं नाही. धनगर कळपाच्या पुढे चालतो, तोंडाने आवाज देतो, आणि मेंढरं त्याच्या मागून येतात. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं ते मी जवळून पाहिलं आहे. इतकी माणसं, टाळ-मृदंग, धूळ, आणि तरी मेंढ्या भिऊन उधळत नाहीत, कारण पुढे त्यांचा माणूस धावतो. आपल्या मेंढरांना मागून धावणाऱ्या कुत्र्याचा चांगला अनुभव कधी आलेलाच नसतो. म्हणून परदेशी चित्रफिती पाहून ‘आमचाही कुत्रा मेंढ्या वळवतो’ असं कौतुकाने सांगणाऱ्यांना मी आता तिथेच थांबवते. तो वळवत नाही, घाबरवतो.

वाड्यावरची कुत्री वेगळी असतात आणि दिसायला अगदी साधी. बहुतेक गावठी, मध्यम चणीची. दिवसा सावलीत पडलेली. रात्री मेंढरं जाळीच्या वाघरात घेतली की ही कुत्री वाघराच्या बाहेर, कळपाकडे पाठ करून बसतात. लांडग्याचा वास आला की भुंकतात आणि माणसं जागी होतात. त्यांच्याकडून कोणी लढाईची अपेक्षा करत नाही. मेंढराला त्यांचं भय का वाटत नाही? मामी म्हणाल्या, ‘आमचं कुत्रं वाड्यात जलमतं, कोकरासंगं झोपतं. त्याला वाटतं आपुनबी मेंढरूच.’ जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पिल्लांचं तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचं वय हे ओळखी करून घेण्याचं वय ठरवलं. त्या वयात ज्यांचा सहवास मिळाला ते जन्मभर आपले. कॉपिंजर जोडप्याने १९७०च्या दशकात इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान इथल्या राखणदार जातींची पिल्लं अमेरिकेत नेली आणि शेतकऱ्यांना दिली, ती याच बोलीवर की पिल्लू माणसांत नाही, मेंढ्यांत वाढवायचं. मामींनी ग्रंथ वाचलेले नाहीत. त्यांच्या आजीनेही हेच केलं होतं.

बाजीचं ते दार पुण्यातच बंद झालं होतं. तो आता कधीही शेळ्यांना भाऊबंद मानणार नाही, हे मान्य केल्यावर पुढची वाट स्पष्ट झाली. त्याचा स्वभाव पालटायचा नाही. त्याचा दिवस असा आखायचा की साखळीची पहिली कडीच जुळणार नाही.

सल्ले पुष्कळ मिळाले. एडक्याबरोबर कोंडा, दोन टकरा बसल्या की जन्माची अद्दल घडेल. मी हे होऊ दिलं नाही. टक्कर खाऊन एखादं कुत्रं भितं, एखादं चिडतं, आणि कोंडलेल्या एडक्याला यात काय म्हणायचं आहे ते कोणीच विचारत नाही. विजेचा झटका देणारा पट्टा कोणी सुचवला. वेल्समध्ये अशा पट्ट्यांवर २०१०पासून बंदी आहे. शेळीकडे बघताना झटका बसला तर कुत्रं त्या वेदनेचा संबंध शेळीशी जोडू शकतं, आणि मग भुकेत वैर मिसळतं. गळ्यात लोढणं अडकवा, हा सगळ्यांत जुना उपाय. लाकडाचा तो ओंडका धावताना गुडघ्यांवर आपटतो, कुत्रं मंदावतं, हे खरं आहे. पण आमच्या उसात बिबट्या आहे, आणि लोढणं घातलेल्या कुत्र्याला त्याच्यापुढून पळताही येत नाही. शिवाय कुत्री हुशार असतात. लोढणं आहे तोवर सभ्य वागतात. मारण्याबद्दल तर बोलायचीही माझी इच्छा नाही. पाठलागाच्या मध्यावर त्याला काठी जाणवत नाही, आणि तो परत आल्यावर मारलं तर तो एवढंच शिकतो की परत यायचं नाही.

मग आम्ही दोरी घेतली. लांब, सुती, हाताला न कापणारी. शेळ्या दिसतील पण बाजी माझ्या हातातला सुकटीचा तुकडा खाऊ शकेल, एवढ्या अंतरावर उभं राहायचं. सुरुवातीला ते अंतर विहिरीपासून गोठ्यापर्यंत होतं. तो शेळ्यांकडे बघणार, आणि नजर बसायच्या आत मी त्याचं नाव घ्यायचं. मान वळली की तुकडा. यात सगळं कसब वेळेचं आहे. कान पुढे आले, तोंड मिटलं, शेपटी थांबली, तुकडा नाकाला लावूनही त्याने घेतला नाही, तर आपण फार जवळ आलो. निमूट मागे फिरायचं. उभ्या असलेल्या शेळ्या सोप्या, चरत पुढे सरकणाऱ्या त्याहून अवघड, संध्याकाळी दाव्याकडे धावत येणाऱ्या सगळ्यांत अवघड. उड्या मारणारं करडू तर अजूनही आम्ही त्याला लांबूनच दाखवतो. जवळून जावंच लागलं तर जाळीचं मुसकं. त्यातून धाप टाकता येते, पाणी पिता येतं, चावता येत नाही. लोक मुसक्याला क्रूर म्हणतात. मला ते शेळीला दिलेलं आश्वासन वाटतं.

आणि भुकेला काहीतरी खायला द्यावंच लागतं. सकाळी उन्हं चढायच्या आत जाळीने बंद केलेल्या पट्टीत तो सुटा धावतो. बांबूच्या टोकाला दोरी, दोरीला चिंधी, आणि ती मी गरगर फिरवते. तिथे त्याला सगळं करायची मुभा आहे: दबकणं, झेपावणं, पकडणं, झिंजाडणं. फक्त ‘सोड’ म्हटलं की सोडायचं आणि ‘थांब’ म्हटलं की चिंधी हलत असतानाही बसून राहायचं. त्याच्या अंगातला वेग तिथे इतका सुंदर दिसतो की बांधावरून जाणारी माणसं थांबतात. त्या वेगाची मला लाज वाटत नाही आणि त्यालाही ती वाटू नये. या धावपळीनंतरचा बाजी दोरीवर दुप्पट ऐकतो.

घोडीचं प्रकरण निराळं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसतं. पण बरोबर शेपटीमागे आणि कपाळापुढे थोडं आंधळं राहतं. कुत्र्याला नेमकं मागच्या पायांशी घुटमळायला आवडतं. कुत्र्याने न चावताही यात जीव जातो, कधी कुत्र्याचा, कधी स्वाराचा. इथे एकट्या बाजीला शिकवून भागत नव्हतं, घोडीलाही त्याची सवय व्हायला हवी होती. सासरे घोडीचा दोर धरून बांधाच्या एका बाजूने चालायचे, मी बाजीला घेऊन दुसऱ्या बाजूने. दोघं एकाच दिशेला, एकाच चालीने. कोणी कोणाच्या मागे नाही. हळूहळू मधलं अंतर कमी झालं. एका सकाळी घोडीने मान खाली घालून त्याच्या पाठीचा वास घेतला आणि फुरफुरली, तेव्हा बाजी अंग चोरून उभा होता, पण पळाला नाही. आता खरारा करताना तो ओसरीवर बांधलेला असतो आणि झोपतो. चंदीच्या वेळी मात्र तो तबेल्यात नसतो. खाणाऱ्या जनावराच्या तोंडाशी कुत्रं नको, हा नियम आम्ही कोणासाठीही मोडत नाही.

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे. घोड्यावर देव, मागे म्हाळसा, आणि घोड्याच्या पायांशी कुत्रं. जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवतात आणि देवाची दुसरी राणी बाणाई धनगराची. घोडा, कुत्रं आणि मेंढरं अशी एका दैवताभोवती जमलेली पाहिली की मला वाटतं, ज्यांनी हा देव मानला त्यांच्या अंगणात ही तिन्ही जनावरं रोज एकत्र नांदत होती आणि ती नांदवण्याचे कष्टही त्यांना ठाऊक होते. टाकातलं कुत्रं देवाबरोबर निघालं आहे. घोडा त्याच्याकडे वळून बघत नाही.

दातांपलीकडेही कुत्र्याचे धोके आहेत आणि ते मालकांना क्वचित माहीत असतात. व्यालेल्या मेंढीची वार उघड्यावर पडली की कुत्रं ती खातं, आणि तोच वास अंगावर असलेलं ओलं कोकरू शेजारीच असतं. म्हणून वार लगेच पुरायची. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्याला टाकायचं नाही. मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते तो आजार कुत्र्याच्या आतड्यातल्या पट्टकृमीमुळे होतो. अंडी विष्ठेतून गवतावर, गवतातून मेंढीच्या पोटात, तिथून मेंदूत जाऊन पाण्याची गाठ, आणि ते डोकं पुन्हा कुत्र्याने खाल्लं की फेरा पूर्ण. प्राझिक्वान्टेलची गोळी वेळेवर दिली तर हा फेरा तुटतो. उलट दिशेनेही जपावं लागतं. घोडीच्या जंताच्या औषधात आयव्हरमेक्टिन असतं. ते सांडलं आणि कुत्र्याने चाटलं, किंवा औषधानंतरची लीद खाल्ली, तर विषबाधा होऊ शकते. रेबीजची लस तर सर्वांत आधी. पिसाळलेलं कुत्रं घोडी, म्हैस, शेळी कोणालाच सोडत नाही.

रात्रीचा प्रश्न वेगळाच आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासली तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. म्हणजे त्रास देतो म्हणून अंगणात खुंटीला बांधलेलं कुत्रं हे बिबट्याला वाढलेलं ताट. आमचा बाजी अंधार पडला की घरात येतो आणि दार लागतं.

हे सगळं करायला माणूस लागतं, वेळ लागतो, आणि तो सगळ्यांकडे नसतो हे मला दिसतं. गावात अशा कुत्र्याचा शेवट ठरलेला असतो. एखादी मेंढी मरते, मालक नाहीतर पंच भरपाई ठरवतात, आणि मग कोणीतरी भाकरीत विष कालवतं. ते विष त्या कुत्र्यावर थांबत नाही. लांडगा, कोल्हा, खोकड, त्या मढ्यावर जो येईल तो जातो. पाळीव जनावराबाबतचा निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, पण त्या कलमापर्यंत कोणी जात नाही. मला वाटतं, शहरातून गावाकडे कुत्रं ‘मोकळ्या हवेत’ सोडणाऱ्यांनी हा शेवट एकदा डोळ्यांनी पाहावा. मोकळी हवा त्यांना दिसते. त्या हवेत चरणारी दुसऱ्याची मेंढरं, कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा खर्च, त्यांना दिसत नाहीत.

यंदा वाडा परत आला तेव्हा मामांनी बाजीला दोरीवर घोडीशेजारून जाताना पाहिलं. ‘नजर फिरवतंय की आता,’ म्हणाले. मग त्यांच्या कुत्रीला पिल्लं होणार असल्याचं सांगून विचारलं, शेळ्यांत वाढवायला एक हवंय का? आम्ही हो म्हटलं आहे. बाजीची आणि त्याची ओळख होईल, पण शेळ्यांच्या आवाराबाहेर. पिल्लू शेळ्यांत निजेल, करडाचा कान ओढलाच तर त्याच क्षणी दटावलं जाईल, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही. मामींची अट एकच होती, पिल्लू आम्ही निवडायचं नाही, त्या निवडणार: ‘कोकरावर डोकं ठेवून झोपंल ते तुमचं.’ कोकणातून माघारी येताना ते आणतील. तोवर गोठ्यात शेळ्यांना न पोचता येणारा एक कोपरा त्याच्या खाण्यासाठी अडवून घ्यायचा आहे, आणि खालची जाळी हातभर आत पुरायची आहे, कारण बाजीला उकरता येतं.